घटक ५ : मौलाना हुसैन अहमद मदनी : धर्मपीठ आणि राष्ट्रीय राजकारण

५.० उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर आपणास
• मौलाना हुसैन अहमद मदनी यांच्या जीवनातील प्रमुख टप्पे सांगता येतील.
• देवबंदच्या दारुल उलूम या धर्मपीठाची राजकीय पार्श्वभूमी विशद करता येईल.
• ‘कौम’ आणि ‘मिल्लत’ या संज्ञांतील भेद व त्यावरील वाद समजावून घेता येईल.
• संमिश्र राष्ट्रवादाच्या विचाराचे सामर्थ्य आणि मर्यादा यांचे मूल्यमापन करता येईल.

५.१ प्रास्ताविक

भारताच्या फाळणीचा अभ्यास करताना आपल्यासमोर बहुधा एक सोपे चित्र उभे राहते. एका बाजूला धर्माधिष्ठित राष्ट्राची मागणी करणारे लोक आणि दुसऱ्या बाजूला धर्म बाजूला ठेवून राष्ट्राचा विचार करणारे लोक, अशी ही विभागणी असते. प्रत्यक्ष इतिहास या विभागणीत बसत नाही. पाकिस्तानची मागणी ज्यांनी नेटाने पुढे नेली ते बॅरिस्टर महंमद अली जीना पाश्चात्त्य शिक्षण घेतलेले, राहणीने आधुनिक असे कायदेपंडित होते. उलटपक्षी, त्या मागणीला धर्मग्रंथांचा आधार घेऊन ठाम विरोध करणाऱ्यांत देवबंदच्या धर्मपीठाचे मुख्य अध्यापक होते. त्यांचे नाव मौलाना हुसैन अहमद मदनी.

एका कर्मठ धर्मशास्त्र्याला सर्वधर्मीयांच्या एकत्रित राष्ट्राची बाजू का घ्यावीशी वाटली? ही भूमिका त्याच्या धर्मनिष्ठेच्या विरुद्ध होती की तिच्यातूनच निर्माण झाली होती? आणि त्याच्या समाजातील मतदारांनी त्याला साथ का दिली नाही? या तीन प्रश्नांच्या अनुरोधाने आपण या घटकात मदनींच्या चरित्राचा विचार करणार आहोत.

५.२ विषय-विवेचन

५.२.१ जन्म, शिक्षण आणि मदिनेतील वास्तव्य

हुसैन अहमद यांचा जन्म ६ ऑक्टोबर १८७९ रोजी उत्तर प्रदेशातील उन्नाव जिल्ह्यातल्या बांगरमऊ येथे झाला. त्यांचे वडील सय्यद हबीबुल्लाह तेथे शिक्षक होते. घराणे मूळचे फैजाबाद जिल्ह्यातील टांडा या गावचे. वयाच्या तेराव्या वर्षाच्या सुमारास हुसैन अहमद यांना शिक्षणासाठी देवबंद येथे पाठविण्यात आले.

देवबंदच्या दारुल उलूमची स्थापना १८६६ मध्ये झाली. १८५७ च्या उठावानंतर मुघल सत्ता संपुष्टात आली होती. धर्मशिक्षणाला राजाश्रय देणारे दरबार उरले नव्हते. अशा परिस्थितीत काही उलेमांनी सरकारी अनुदानावर अवलंबून न राहता सर्वसामान्य लोकांच्या वर्गणीवर चालणारे विद्यापीठ उभे केले. या आर्थिक स्वायत्ततेचे महत्त्व लक्षात घ्यावे. सरकारच्या पैशावर संस्था चालत नसल्यामुळे तिच्यातील अध्यापकांना सरकारविरोधी मत बाळगणे तुलनेने शक्य झाले. अर्थात सर्वच अध्यापक राजकारणात पडले असे नाही. तथापि हुसैन अहमद ज्यांचे शिष्य झाले, त्या मौलाना महमूद हसन यांच्या मनात ब्रिटिश सत्तेविषयी तीव्र विरोध होता. गुरूचा हा वारसा शिष्याकडे आला.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस वडिलांनी सहकुटुंब मदिनेला स्थलांतर केले. हुसैन अहमदही त्यांच्यासोबत गेले. तेथील पैगंबर-मशिदीत त्यांनी अनेक वर्षे अध्यापन केले. मदिनेतील या वास्तव्यामुळेच त्यांच्या नावापुढे ‘मदनी’ हे बिरुद लागले. मध्यंतरी भारतात येऊन त्यांनी सूफी परंपरेतील दीक्षा मौलाना रशीद अहमद गंगोही यांच्याकडून घेतली होती. धर्मशास्त्राचा पंडित आणि सूफी साधक अशी त्यांची दुहेरी घडण होती, हे विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावे.

५.२.२ माल्टाचा बंदिवास

पहिले महायुद्ध सुरू झाल्यावर तुर्कस्तान ब्रिटिशांच्या विरोधात उतरले. तुर्की सुलतानाच्या आणि अफगाणिस्तानच्या साहाय्याने भारतातील ब्रिटिश सत्ता उलथवता येईल, अशी आशा महमूद हसन यांच्या वर्तुळाला वाटत होती. १९१५ मध्ये ते हिजाझला गेले. या योजनेसंबंधीची रेशमी कापडावर लिहिलेली पत्रे १९१६ मध्ये ब्रिटिशांच्या हाती लागली. म्हणून हे प्रकरण ‘रेशमी रुमाल’ या नावाने ओळखले जाते. त्याच वर्षी मक्केचा शरीफ हुसैन याने ब्रिटिशांच्या पाठबळावर तुर्कांविरुद्ध बंड केले. त्याच्या माणसांनी महमूद हसन व त्यांच्या सहकाऱ्यांना पकडून ब्रिटिशांच्या स्वाधीन केले. हुसैन अहमदही त्यांत होते.

१९१७ च्या प्रारंभी या सर्वांना भूमध्य समुद्रातील माल्टा बेटावर नेण्यात आले. तेथे निरनिराळ्या देशांतील युद्धकैदी व राजकीय कैदी ठेवलेले होते. त्यांच्यापैकी एक सहकारी, हकीम नुसरत हुसैन, बंदिवासातच मरण पावले. सुमारे तीन वर्षांच्या या काळात हुसैन अहमद यांनी वृद्ध गुरूंची सेवा केली आणि कुरआन मुखोद्गत केले. पुढे या अनुभवांवर त्यांनी ‘सफरनामा-ए-असीर-ए-माल्टा’ हे पुस्तक लिहिले.

सुटका झाल्यावर जून १९२० मध्ये ही मंडळी मुंबई बंदरात उतरली. त्या वेळी मुंबई हे खिलाफत चळवळीचे मुख्य केंद्र होते. गुरू-शिष्य गेले होते तेव्हा परकीय सत्तांच्या मदतीने गुप्त कट करणे हाच त्यांना ज्ञात असलेला मार्ग होता. परतले तेव्हा हिंदू-मुस्लिम जनता उघडपणे, निःशस्त्रपणे आणि एकत्रितपणे सरकारशी असहकार करण्याच्या तयारीत होती. महमूद हसन यांनी असहकाराला पाठिंबा दिला. ३० नोव्हेंबर १९२० रोजी त्यांचे निधन झाले आणि त्यांच्या राजकीय कार्याची धुरा मदनींकडे आली.

५.२.३ कराचीचा खटला

जुलै १९२१ मध्ये कराची येथे अखिल भारतीय खिलाफत परिषद भरली. ब्रिटिश सैन्यात नोकरी करणे मुसलमानांसाठी धर्मदृष्ट्या निषिद्ध आहे, असा ठराव तेथे संमत झाला. या ठरावामागे मदनींचा पुढाकार होता. सरकारने हा सैन्यात फितुरी माजविण्याचा प्रयत्न मानला आणि सात जणांवर खटला भरला. महंमद अली, शौकत अली, डॉ. सैफुद्दीन किचलू, हुसैन अहमद, निसार अहमद, पीर गुलाम मुजद्दिद आणि शंकराचार्य भारतीकृष्ण तीर्थ हे ते सात आरोपी होत. एकाच आरोपपत्रात देवबंदी मौलाना आणि शंकराचार्य यांची नावे असावीत, ही त्या काळाची साक्ष म्हणावी लागेल.

कराचीच्या खालिकदिना सभागृहात हा खटला चालला. मदनींनी न्यायालयात ठराव नाकारला नाही. धर्मग्रंथांतील आधार देऊन त्यांनी तो पुन्हा मांडला. प्रजेच्या धर्मात हस्तक्षेप न करण्याचे जे अभिवचन १८५८ च्या राणीच्या जाहीरनाम्यात दिले होते, त्याचे त्यांनी सरकारला स्मरण करून दिले. धर्मस्वातंत्र्य हे जर राज्यकर्त्यांनी स्वतः मान्य केलेले तत्त्व असेल, तर धर्माज्ञा सांगणे हा गुन्हा कसा ठरतो, असा त्यांचा प्रश्न होता. सहा आरोपींना प्रत्येकी दोन वर्षांची सक्तमजुरी झाली. शंकराचार्यांची निर्दोष मुक्तता झाली. दरम्यान ४ ऑक्टोबर १९२१ रोजी गांधीजी व अन्य अनेक नेत्यांनी मुंबईहून एक निवेदन काढले. सरकारी व लष्करी नोकरीविषयी मत मांडणे हा प्रत्येक नागरिकाचा हक्क आहे, असे त्यांनी त्यात घोषित केले.

शिक्षा भोगून आल्यावर मदनींनी काही वर्षे सिल्हेट येथे अध्यापन केले. १९२७-२८ च्या सुमारास ते दारुल उलूमचे मुख्य अध्यापक झाले व अखेरपर्यंत त्या पदावर राहिले. दिवसा हदीसचे अध्यापन, रात्री सभांसाठी रेल्वेप्रवास आणि मधूनमधून कारावास, असा त्यांचा पुढील तीस वर्षांचा क्रम होता. खादीचा त्यांनी आयुष्यभर पुरस्कार केला.

■ स्वयं-अध्ययन प्रश्न – १
अ) ‘मदनी’ हे बिरुद हुसैन अहमद यांच्या नावापुढे का लागले?
आ) दारुल उलूमच्या आर्थिक स्वायत्ततेचा राजकीय परिणाम कोणता?
इ) कराची खटल्यात निर्दोष सुटलेले आरोपी कोण?

५.२.४ ‘कौम’ आणि ‘मिल्लत’ : इक्बाल-मदनी वाद

मदनींच्या चरित्रातील वैचारिकदृष्ट्या सर्वांत महत्त्वाचा प्रसंग १९३८ च्या प्रारंभी घडला. दिल्लीतील एका सभेत बोलताना, आजच्या काळात राष्ट्रे वतनावरून, म्हणजे मायभूमीवरून बनतात, असे विधान त्यांनी केले. वर्तमानपत्रांत हे विधान असे छापले गेले की, मदनी मुसलमानांच्या धार्मिक एकात्मतेचा पाया देश हाच मानतात. कवी महंमद इक्बाल त्या वेळी लाहोर येथे आजारी होते. त्यांनी फारसी भाषेत तीन द्विपदींचे एक काव्य लिहून मदनींवर तीव्र टीका केली. देवबंदच्या मुख्य अध्यापकाला पैगंबरांच्या शिकवणीचे मर्म कळले नाही, असा त्या टीकेचा आशय होता.

मदनींचे उत्तर शब्दार्थावर आधारलेले होते. आपण ‘मिल्लत’ हा शब्द वापरलाच नव्हता, ‘कौम’ हा शब्द वापरला होता, असे त्यांनी स्पष्ट केले. मिल्लत म्हणजे एका श्रद्धेने व धर्मनियमांनी बांधलेला समुदाय. कौम म्हणजे वंश, भाषा, भूमी, व्यवसाय अशा कोणत्याही समान धाग्याने एकत्र आलेला लोकसमूह. कुरआनात पैगंबर आपला संदेश नाकारणाऱ्या लोकांनाही ‘माझ्या कौमच्या लोकांनो’ अशी हाक मारतात, याकडे मदनींनी लक्ष वेधले. श्रद्धा भिन्न असूनही कौम एक असू शकते, हे त्यांनी यावरून सिद्ध केले. त्यामुळे भारतातील मुसलमान मिल्लत म्हणून जगभरच्या मुसलमानांशी जोडलेला आहे आणि कौम म्हणून आपल्या हिंदू, शीख, ख्रिस्ती, पारशी शेजाऱ्यांशी जोडलेला आहे. या दोन नात्यांत त्यांना विरोध दिसत नव्हता.

मध्यस्थामार्फत पत्रव्यवहार झाल्यावर इक्बाल यांनी काही अंशी आपला आक्षेप मागे घेतला. मदनी जर केवळ वस्तुस्थितीचे वर्णन करीत असतील, तर टीकेचे कारण उरत नाही. परंतु मुसलमानांनी हा प्रादेशिक राष्ट्रवाद तत्त्व म्हणून स्वीकारावा असे ते सांगत असतील, तर मतभेद कायम राहतो, अशी त्यांची भूमिका होती. २१ एप्रिल १९३८ रोजी इक्बाल यांचे निधन झाले. त्यांच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झालेल्या संग्रहात ते काव्य मात्र समाविष्ट झाले आणि वादाचा निवाळा झाल्याची हकिकत मागे पडून टीका तेवढी लोकांच्या स्मरणात राहिली.

या वादातून मदनींचे ‘मुत्तहिदा कौमियत और इस्लाम’ हे पुस्तक १९३८ मध्ये निर्माण झाले. त्यात त्यांनी मदिनेच्या कराराचा दाखला दिला. इ. स. ६२२ मध्ये मदिनेत आल्यानंतर पैगंबरांनी तेथील मुसलमान व ज्यू टोळ्यांशी जो करार केला, त्यात दोघांचे धर्म वेगळे राखून संरक्षणाच्या बाबतीत त्यांना एक समूह मानले होते. भारतातही असाच एकत्र करार शक्य आहे, असे मदनींचे प्रतिपादन होते. येथे एक गोष्ट लक्षात येते. पाश्चात्त्य विचारातून आलेली राष्ट्रवादाची संकल्पना त्यांनी उसनी घेतली नाही. आपल्या धर्मपरंपरेच्या भांडारातूनच त्यांनी तिला आधार शोधला. म्हणूनच सामान्य धर्मनिष्ठ मुसलमानासमोर ती मांडण्याचे बळ त्यांना लाभले.

५.२.५ फाळणीला विरोध आणि पराभव

१९४० मध्ये मदनी जमियत उलेमा-ए-हिंदचे अध्यक्ष झाले. १९१९ मध्ये स्थापन झालेली ही उलेमांची संघटना काँग्रेसची सहकारी होती. जून १९४२ मध्ये, ‘भारत छोडो’ ठरावाच्याही आधी, एका भाषणावरून मदनींना अटक झाली. मुरादाबाद व नैनी येथील तुरुंगांत त्यांनी सुमारे दोन वर्षे काढली.

सुटकेनंतर पाकिस्तानच्या मागणीला पर्याय म्हणून जमियतने १९४५ मध्ये जी योजना मांडली, ती ‘मदनी सूत्र’ या नावाने ओळखली जाते. प्रांतांना व्यापक स्वायत्तता, मोजक्याच अधिकारांचे केंद्र आणि केंद्रीय विधिमंडळात हिंदू ४५, मुसलमान ४५ व इतर १० असे प्रमाण ठेवावे, असे तिचे स्वरूप होते. फाळणी झाल्यास मुस्लिम अल्पसंख्य प्रांतांतील मुसलमान अधिकच दुर्बळ होतील, हा मदनींचा मुख्य युक्तिवाद होता. नवे राज्य ब्रिटिशांच्या प्रभावाखालीच राहील, अशीही त्यांना शंका होती.

१९४५-४६ च्या निवडणुकांत वयाची पासष्टी ओलांडलेल्या मदनींनी लीगच्या विरोधात गावोगाव प्रचार केला. काही रेल्वे स्थानकांवर लीगच्या तरुण समर्थकांनी त्यांना घेराव घातला, त्यांचा अपमान केला. निकाल मदनींच्या विरोधात गेला. केंद्रीय विधिमंडळातील मुसलमानांच्या सर्व ३० राखीव जागा लीगने जिंकल्या व प्रांतांतील बहुतेक मुस्लिम जागाही तिलाच मिळाल्या.

या पराभवाची कारणे अभ्यासकाने बारकाईने पाहिली पाहिजेत. पहिले कारण विभक्त मतदारसंघांचे. मुसलमान उमेदवाराला केवळ मुसलमानांचीच मते मागायची असल्याने संमिश्र राष्ट्रवादाच्या प्रचाराला निवडणुकीच्या रचनेतच प्रतिकूलता होती. दुसरे कारण मताधिकाराचे. मालमत्ता व शिक्षण यांच्या अटींमुळे मतदान मर्यादित लोकांपुरते होते. जमियतचा प्रभाव ज्या गरीब कारागीर वर्गात होता, त्यातील बहुसंख्यांना मतच नव्हते. तिसरे कारण उलेमांतील फूट. देवबंदचेच विद्वान मौलाना शब्बीर अहमद उस्मानी यांनी पाकिस्तानची बाजू घेतली आणि १९४५ मध्ये जमियत उलेमा-ए-इस्लाम या वेगळ्या संघटनेचे नेतृत्व केले. एकाच धर्मपीठातून, तेच ग्रंथ वाचून, परस्परविरोधी राजकीय निष्कर्ष निघाले. ‘उलेमांचे मत’ असे एकसंध काही नसते, हा धडा यातून मिळतो.

जून १९४७ मध्ये काँग्रेसने फाळणीची योजना स्वीकारली. ज्या पक्षाच्या बाजूने मदनींनी आपल्या समाजातील अपमान सोसला, त्याच पक्षाने फाळणी मान्य केली. जमियतने मात्र आपला विरोध नोंदविला.

५.२.६ स्वातंत्र्योत्तर काळ

फाळणीच्या दंगलींत पश्चिम उत्तर प्रदेशातील हजारो मुसलमान कुटुंबे पाकिस्तानात जाण्याच्या विचारात होती. देवबंद व सहारनपूर परिसरात मदनींनी लोकांना घरे न सोडण्याचे आवाहन केले. ही भूमी आपली आहे, येथील मशिदी, मदरसे व पूर्वजांच्या कबरी सोडून जाऊ नये, असे ते सांगत. आयुष्यभर ग्रंथांतून मांडलेल्या विचाराची ही प्रत्यक्ष कसोटी होती. १९४८ मध्ये जमियतने निवडणुकीच्या राजकारणातून निवृत्त होऊन धार्मिक, शैक्षणिक व सामाजिक कार्यापुरते स्वतःला मर्यादित केले. मदनी स्वतंत्र भारतात सत्तेच्या कोणत्याही पदावर गेले नाहीत. वर्गात शिकविण्याचे काम त्यांनी चालू ठेवले. १९५४ मध्ये भारत सरकारने त्यांना पद्मभूषण जाहीर केले. ‘नक्श-ए-हयात’ या त्यांच्या आत्मचरित्रात स्वतःविषयीच्या मजकुराबरोबरच ब्रिटिश अमदानीतील आर्थिक शोषणाची विस्तृत चर्चा आढळते. ५ डिसेंबर १९५७ रोजी देवबंद येथे त्यांचे निधन झाले आणि गुरू महमूद हसन यांच्याजवळच त्यांचे दफन करण्यात आले.

५.२.७ मूल्यमापन

मदनींच्या विचाराचे मोठेपण असे की, धर्मनिष्ठा आणि देशनिष्ठा यांपैकी एक निवडण्याची सक्ती त्यांनी नाकारली. ‘राष्ट्रवादी होण्यासाठी कमी मुसलमान व्हावे लागते’ किंवा ‘चांगला मुसलमान होण्यासाठी वेगळे राष्ट्र लागते’ ही दोन्ही मते त्यांना अमान्य होती.

तथापि या विचाराच्या मर्यादाही स्पष्ट आहेत. मदनींचे राष्ट्र हे प्रामुख्याने समुदायांमधील करार आहे; त्यात व्यक्तीचे स्थान दुय्यम राहते. प्रत्येक समुदायाने आपले धर्मनियम व कौटुंबिक कायदे स्वतंत्र राखावेत, हे त्यात गृहीत धरलेले आहे. मग समुदायाच्या आतील स्त्रीला किंवा वेगळे मत बाळगणाऱ्याला न्याय कोणाकडे मागता येईल, या प्रश्नाचे उत्तर त्यांच्या मांडणीत मिळत नाही. ‘मदनी सूत्रा’तील ४५-४५ ची समानताही लोकशाहीतील ‘एक व्यक्ती, एक मत’ या तत्त्वाशी जुळणारी नव्हती. मदिनेच्या कराराच्या दाखल्यावरही आक्षेप घेता येतो. त्या करारात वादांचा अंतिम निवाडा पैगंबरांकडे सोपविलेला होता. आधुनिक लोकशाही राज्यात तसा सर्वमान्य निवाडा करणारी व्यक्ती नसते, तर संविधान असते.

महाराष्ट्रातील विद्यार्थ्यांनी या संदर्भात हमीद दलवाई यांची भूमिका तुलनेसाठी घ्यावी. दलवाई यांनी २२ मार्च १९७० रोजी पुणे येथे मुस्लिम सत्यशोधक मंडळाची स्थापना केली. मुस्लिम स्त्रियांचे हक्क व समान नागरी कायदा यांचा त्यांनी पुरस्कार केला. मदनींना समुदायाचे स्वातंत्र्य महत्त्वाचे वाटले, दलवाईंना समुदायाच्या आतील व्यक्तीचे. भारतीय संविधानात या दोन्ही प्रेरणांना जागा आहे आणि त्यांच्यातील ताण आजही संपलेला नाही. त्यामुळे मदनींचे चरित्र हा केवळ गतकाळाचा अभ्यास राहत नाही.

■ स्वयं-अध्ययन प्रश्न – २
अ) मदनींच्या मते ‘कौम’ आणि ‘मिल्लत’ यांत कोणता फरक आहे?
आ) १९४५-४६ च्या निवडणुकांतील पराभवाची तीन कारणे लिहा.

५.३ सारांश

हुसैन अहमद मदनी यांची घडण देवबंद व मदिना येथे झाली. माल्टाच्या बंदिवासानंतर त्यांनी गुप्त कटाचा मार्ग सोडून असहकाराचा मार्ग स्वीकारला. कराचीच्या खटल्यात त्यांनी धर्मस्वातंत्र्याच्या तत्त्वावर सरकारला आव्हान दिले. इक्बाल यांच्याशी झालेल्या वादातून त्यांचा संमिश्र राष्ट्रवाद ग्रंथरूपाने सिद्ध झाला. निवडणुकीत ते पराभूत झाले, फाळणी टळली नाही. परंतु फाळणीनंतर भारतात राहिलेल्या मुसलमानांना नागरिक म्हणून उभे राहण्यासाठी त्यांचा विचार आधार ठरला. समुदायांच्या करारात व्यक्तीच्या हक्काचे स्थान काय, हा प्रश्न त्यांनी अनुत्तरित ठेवला.

५.४ पारिभाषिक शब्द

उलेमा : इस्लामी धर्मशास्त्राचे विद्वान (‘आलिम’चे अनेकवचन).
हदीस : पैगंबरांची वचने व कृती यांच्या परंपरेने आलेल्या नोंदी.
खिलाफत : मुस्लिम जगताचा प्रमुख म्हणून खलिफाचे पद व सत्ता.
विभक्त मतदारसंघ : विशिष्ट धर्माच्या मतदारांनीच त्या धर्माचा प्रतिनिधी निवडण्याची व्यवस्था.

५.५ स्वयं-अध्ययन प्रश्नांची उत्तरे

प्रश्न १ : अ) मदिनेत दीर्घकाळ वास्तव्य व अध्यापन केल्यामुळे. आ) सरकारी अनुदानावर अवलंबून नसल्याने सरकारविरोधी मत बाळगणे शक्य झाले. इ) शंकराचार्य भारतीकृष्ण तीर्थ.
प्रश्न २ : अ) कौम म्हणजे भूमी, भाषा, वंश अशा समान धाग्याने जोडलेला लोकसमूह, मिल्लत म्हणजे एका श्रद्धेने बांधलेला समुदाय. आ) विभक्त मतदारसंघ, मर्यादित मताधिकार, उलेमांतील फूट.

५.६ सरावासाठी स्वाध्याय

१) ‘मदनींचा राष्ट्रवाद त्यांच्या धर्मनिष्ठेतूनच निर्माण झाला.’ या विधानाची चर्चा करा.
२) इक्बाल व मदनी यांच्यातील मतभेदाचे स्वरूप स्पष्ट करा. हा मतभेद केवळ शब्दांचा होता काय?
३) मदनी व हमीद दलवाई यांच्या भूमिकांची तुलना करून आपले मत सकारण मांडा.

५.७ क्षेत्रीय कार्य

आपल्या परिसरात फाळणीच्या काळाच्या आठवणी असलेले वृद्ध नागरिक किंवा त्यांचे वारस असल्यास त्यांच्याशी संवाद साधा. घर सोडण्याचा अथवा न सोडण्याचा निर्णय कुटुंबाने कसा घेतला, कोणाचा शब्द त्यात मोलाचा ठरला, याची त्यांच्या संमतीने टिपणे घ्या व सुमारे ३०० शब्दांत लेखन करा.